पोळ्याच्या आत रपटा

आदिलाबाद,
ता. २ जुलै १९९५

चिंचघाटच्या तमाम बंधू-भगिनींनो,

दर पावसाळ्यात ज्यांचं गाव नाला अडवून धरतो, ज्यांच्या बाळंतिणी अलीकडच्या काठावर कण्हतात आणि डॉक्टर पलीकडच्या काठावर चहा पीत पाणी उतरायची वाट पाहतो, ज्यांच्या मुली सातवीपर्यंत पहिल्या येतात आणि हायस्कूल बेल्याला नाल्यापलीकडे आहे म्हणून आठवीपासून गोवऱ्या थापतात, त्या सर्वांना माझा जयभीम आणि रामराम!

निजाम गेला. हैदराबाद स्टेट गेलं. आंध्र प्रदेश आला. तालुके मोडले, मंडलं आली. नाला तेवढा जागचा हलला नाही. का? कारण आजवर तुम्ही ज्यांना निवडून दिलं त्यांची पोरं नाल्यापलीकडे शिकत होती! या वेळी तुम्ही छत्रीवर शिक्का मारला आणि सालदाराच्या मुलीला, बी.ए. झालेल्या वनमालेला, सरपंच केलं. एका सालदाराच्या घरात गावाची मोहर ठेवली गेली. फ्रान्सात राजाचा तुरुंग पडला तेव्हाही एवढा आवाज झाला नसेल!

प्रचारात मी सांगितलं होतं, आज लिहून देतो. नाल्यावर सिमेंटचा रपटा होणार. पाणी वरून गेलं तरी पाय खाली टेकेल असा रपटा. आणि कधी? पोळ्याच्या आत!

तुमचा,
मोतीराम मास्तर

ता. क. वनू, वरचा मजकूर विजयसभेत वाच. मी स्वतः येणार होतो, पण प्रचारात दिवसाला चार-चार सभा घेतल्याने घसा गेला. डॉक्टर म्हणतात स्वरयंत्रावर गाठी आहेत, दिवाळीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मी पाटीवर लिहून बोलतो. तू मात्र खणखणीत वाच. जिथे तांबडी रेघ आहे तिथे टाळ्यांसाठी थांबायचं.


चिंचघाट,
ता. ९ जुलै १९९५

ती. मामांस,
जयभीम.

पत्र सभेत वाचलं. तांबड्या रेघेपाशी थांबले. टाळ्या आल्या नाहीत, म्हणून पुढे गेले. फ्रान्सपाशी एकाने जवळच्याला विचारलं, "हे कुठं आलं, किनवटच्या पल्याड काय?" टाळ्या एकदाच पडल्या, त्या 'पोळ्याच्या आत' याला. तिथे तुम्ही रेघ मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्यावर माणसं. ताराबाईचा जावई नेरडीगोंड्याला हायवेच्या ढाब्यावर आहे, पितो आणि पोरीला मारतो. मी जाऊन त्याला झापावं असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, माझी हद्द चिंचघाटपुरती आहे. "मंग हद्द वाढवून घे ना वो माय. निवडून कायले आली?" चंपतची म्हैस गेल्या होळीत हरवली. ती आधीच्या सरपंचाला सापडली नाही, म्हणून त्याने मला मत दिलं. आता म्हैस कधी येते ते विचारायला तो रोज येतो. खालच्या गल्लीत बारसं होतं. मुलाचं नाव सरपंच ठेवलं. मी विचारलं, मुलगी झाली असती तर? म्हणाले, तरी सरपंचच.

म्हातारी जयवंताबाई बराच वेळ नुसती बसली. उठताना म्हणाली, "काई काम नाई बाई. सरपंच घरात असते का नाई ते पाह्याले आली होती." ती तेवढी समाधानाने गेली.

सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच असतं: "आनि रपटा पोळ्याच्या आत, मास्तर सांगून राह्यले." मामा, स्टेजवर मी तुमच्याशेजारीच बसले होते. ही तारीख मीसुद्धा सगळ्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकली. ती तुम्ही आणली कुठून?

यंदाही सातवी झालेल्या पोरी घरीच आहेत. त्यांच्या आया ओट्यावर येत नाहीत. लांबून बघतात आणि जातात. मला भीती त्यांचीच वाटते.

तुमची,
वनमाला


आदिलाबाद,
ता. १४ जुलै १९९५

चि. वनूस,
अनेक आशीर्वाद.

तारीख कुठून आणली विचारतेस. वाक्याला शेवटी ठोका हवा होता. 'लवकरात लवकर रपटा' म्हटलं असतं तर लोक तंबाखू मळत बसले असते. 'पाच वर्षांत रपटा' म्हटलं असतं तर उठून गेले असते. 'पोळ्याच्या आत' म्हटलं आणि तू निवडून आलीस. आता त्या तारखेला जागणं हे इतिहासाचं काम आहे आणि चिंचघाटात इतिहास म्हणजे तू.

लोक म्हैस मागतात म्हणून तू हसतेस, हे मला आवडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कोणाकडे काही मागितलंच नाही ते आज सरपंचाच्या ओट्यावर बसून मागताहेत. मागू दे! मागणं ही लोकशाहीची पहिली इयत्ता आहे. (दुसरी इयत्ता कोणती ते मी सविस्तर लिहिणार होतो, पण पोस्टाची वेळ झाली.)

बेल्याला मंडल ऑफिसात जा. दरखास्त दे. ताठ बस. समोरचा तेलुगूत बोलला तर तूही तेलुगूत बोल, पण उठताना जयभीम मराठीत म्हण. आणि ताबडतोब ग्रामसभा बोलाव. जनता जागी झाली की दगडसुद्धा चालत येतात.

तुझा मामा,
मोतीराम


चिंचघाट,
ता. १ ऑगस्ट १९९५

ती. मामांस,
जयभीम.

दगड चालत आले नाहीत. सांगते.

बेल्याला गेले. नाल्याला कमरेइतकं पाणी होतं, साडी पिशवीत घेऊन गेले, पलीकडे बदलली. मंडलाचे मोठे अधिकारी, एमडीओ साहेब, चांगले निघाले. "कूर्चोंडम्मा" म्हणून खुर्ची दिली. रपट्याला मंजुरी मिळेल, सिमेंट आणि मिस्त्री सरकारचे, दगड आणि मजुरी गावाची. गाव देणार असा ग्रामसभेचा ठराव ऑगस्टअखेर आणून द्या, नाहीतर काम दुसऱ्या गावाला जाईल. एवढंच.

मी तीनदा दवंडी दिली. पहिल्या सभेला पंचायतीचे सेक्रेटरी अनंतराव आले आणि मी. दुसऱ्या सभेला चंपत आला, म्हशीचं विचारून गेला. तिसऱ्या सभेच्या आधी मी घरोघर गेले. सगळ्यांनी बसायला पाट दिला, चहा दिला.

"सभेले काऊन नाई आले, भाऊ?"

"कायले येवाचं? आमी मत देल्लं ना!"

"दगड कोन देईन?"

"सरपंच कोन हाय?"

"मी."

"मंग!"

ते भांडत नाहीत, मामा. खरंच तसं समजतात. शिक्का मारला की माणसाचं काम संपलं, पुढे छत्री काय ते बघेल.

आणखी एक. काल नरसिंगराव पाटलांचा निरोप आला. गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जाते, ती गेल्याशिवाय दुसरा बैल हलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पाटलांनी कळवलं की आता गावची मोठी सरपंच, म्हणून पहिलं तोरण यंदापासून सरपंचाचं. आमच्याकडे बैल नाहीत हे त्यांना माहीत आहे. आमच्या घरात पाटलांचे बैल धरायची सवय तीन पिढ्यांची आहे, बैल असायची नाही.

बातमी फुटल्यापासून ओट्यावर नवी गर्दी आहे. जो तो आपली जोडी देतो म्हणतो. एकाला बदल्यात पंचायतीच्या विहिरीवर मोटार हवी, एकाला पोराला शिपायाची नोकरी हवी. चंपतने बैलही देऊ केले आणि म्हशीची आठवणही दिली.

वनमाला


आदिलाबाद,
ता. ६ ऑगस्ट १९९५

चि. वनूस,

तुझं पत्र वाचून मी उभा राहिलो. बोलता येत नाही म्हणून उभाच राहिलो.

हा सापळा आहे, हे तुझ्या लक्षात आलं का? पाटलाला वाटतं, पोरगी तोरणापाशी रिकाम्या हातांनी उभी राहील आणि गाव हसेल. मान देऊन अपमान करायची ही रीत रोमच्या सरदारांपासून चालत आली आहे. पण आपण तो मान घ्यायचा! ज्या तोरणाखालून शेकडो वर्षं पाटलाचा बैल पहिला गेला तिथून सालदाराची मुलगी पहिली जाणार. वनू, रपटा आज होईल, उद्या होईल. हे तोरण पुन्हा येणार नाही.

गावातल्या कोणाचे बैल घेऊ नकोस. तामसीचे माझे मित्र देवाजी यांची पांढरी जोडी मी मागितली आहे. नागोरी खोंडांसारखी दिसते. ती पोळ्याच्या आधी चालत येईल. सोबत भाषण पाठवतो. तोरणाखाली थांबून पूर्ण वाच. थोडं मोठं झालं आहे, पण गाळण्यासारखं त्यात काही नाही.

मोतीराम

वने, मी मामी, खाली थोडी जागा आहे म्हणून लिहिते. घरात फार शांतता आहे. तुझे मामा पाटीवर भांडतात, मी पाटी पुसून टाकते. परवा भाजीवाल्याशी भाव करताना त्यांनी पाटीवर एवढं लिहिलं की भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला. भाषण मी वाचलं. अर्ध्यात झोप लागली. तुला जमेल तसं कर. — आशाबाई


चिंचघाट,
ता. २२ ऑगस्ट १९९५

ती. मामांस,
जयभीम.

देवाजींची जोडी पोचली. दिसायला खरंच देखणी आहे. उजव्या बैलाला कुठेही खाली बसायची सवय आहे. तामसीहून येताना तो चार गावांत बसला, असं सोबत आलेला माणूस सांगून गेला. ढोसलं, शेपटी पिरगाळली, तरी त्याचं मन होईल तेव्हाच उठतो.

शिंगं बाबा रंगवताहेत. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. पाटलाचा बैल शेकडो वर्षं पहिला गेला, तिथे त्यांनी मला थांबवलं.

"मास्तरले लिव्ह," म्हणाले, "तोरनाखालून पह्यले मीच जातो. दोरी माह्या हातात असते. पाटील मांगून चालते."

तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं.

ठराव अजून नाही. आज पुन्हा बेल्याला गेले होते. साहेब म्हणाले, हैदराबादला मुख्यमंत्री कोण तेच सध्या ठरत नाही, पण कागदाची तारीख बदलत नाही. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. तिथून परत येताना नाल्यापाशी ताराबाईची नात भेटली. सातवीत गणितात पहिली आलेली. डोक्यावर गवताचा भारा. मला म्हणाली, "ताई, तुमी तं पोहून जाता."

वनमाला


आदिलाबाद,
ता. २९ ऑगस्ट १९९५

मा. सरपंच, चिंचघाट, यांस,

आज बाजारात बेल्याचा एक माणूस भेटला. पोळ्याला तो चिंचघाटात होता. त्याने सांगितलेलं खरं आहे काय? पहिली जोडी नरसिंगराव पाटलाची गेली? तू स्वतः बाजूला झालीस आणि हात करून त्यांना वाट दिलीस? आणि देवाजींचे बैल शेवटी गेले, गावातल्या मरतुकड्या खोंडांच्याही मागून?

मी भर बाजारात पाटीवर 'खोटं' असं लिहून त्याच्यासमोर धरलं. त्याने गळ्याशपथ घेतली.

वनमाले, शेकडो वर्षांनी हातात आलेली वस्तू तू ज्याची त्याला परत केलीस. माझं भाषण वाचलंस का? की तेही पाटलाच्या पायाशी ठेवलंस? मी तुझ्यासाठी घसा दिला. या वयात माणसाजवळ दुसरं काय असतं? खुलासा कर. करायचा नसेल तर तसं एका ओळीत कळव, म्हणजे मी वाट पाहणार नाही.

मोतीराम


चिंचघाट,
ता. ३ सप्टेंबर १९९५

ती. मामांस,
जयभीम.

तुमच्या माणसाने सांगितलं ते सगळं खरं आहे. पण तो बहुतेक उशिरा आला.

गावाबाहेर आखराच्या मैदानावर तोरण बांधलं होतं. देवाजींची जोडी अगदी तोरणाखाली, दोरी बाबांच्या हातात, मी शेजारी. आमच्या मागे गावातला झाडून सारा बैल आणि प्रत्येक बैलामागे त्याचा धनी. हलगी वाजत होती. तुमच्या भाषणाची पानं मी बाबांकडे दिली होती, त्यांनी ती बैलाच्या झुलीखाली खोचली होती.

मी मागे वळून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, हीच ग्रामसभा. तीन दवंड्यांत जे आले नाहीत ते सगळे इथे आहेत आणि मी हलल्याशिवाय कोणाला घरी जाता येत नाही.

मी हलगी थांबवली.

"चाल ना वो सरपंचीनबाई!" चंपत मागून ओरडला. "बैल तापून राह्यले!"

"थांबा. पयले ग्रामसभा."

"पोयात? ग्रामसभा?"

"घरी बसून येत नाई, आता उभे हा तं उभ्यानंच होऊ द्या. बसा म्हनत नाई कोनाले."

एवढ्यात देवाजींचा उजवा बैल खाली बसला. भाषणही त्याच्याखाली गेलं. आता हलायचं म्हटलं असतं तरी मला हलता आलं नसतं. गाव हसलं. मीही हसले. मग मी सांगितलं: सिमेंट सरकारचं, दगड आपले. एका जोडीमागे एक बैलबंडी भरून दगड. ठराव आज झाला नाही तर रपटा दुसऱ्या गावाला.

ताराबाईचा मुलगा म्हणाला, "आमी मत देल्लं ना तुले?"

"देल्लं."

"मंग?"

"मंग आता दगड दे."

"आनि तू काय देशीन?"

समोर तोरण दिसत होतं म्हणून बोलून गेले.

"मी पह्यला नंबर देतो. जो पह्यली बंडी कबूल करीन, त्याचा बैल तोरनाखालून पह्यला जाईन. दुसरी बंडी, दुसरा नंबर. सरपंच शेवटी."

सगळे पाटलांकडे बघत होते. आता तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट. बाबा आमच्या बैलाजवळ होते, म्हणून पाटलांनी यंदा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बैलांची दोरी स्वतः धरली होती. डावा बैल त्यांना सारखा ओढत होता आणि ते काही झालंच नाही असं तोंड करून उभे होते.

"माह्या वावरात काया दगड पडून हाय," नरसिंगराव म्हणाले. "पह्यली बंडी माही."

मग दुसऱ्या नंबरासाठी भांडण लागलं. तिसऱ्यासाठी त्याहून मोठं. ज्यांनी आजवर पाटलामागे निमूट उभं राहून जन्म काढला ते शेजाऱ्याच्या मागून जायला तयार नव्हते. चंपतने तर पाचव्या नंबरासाठी दोन बंड्या सांगितल्या. अनंतरावांनी हलगीवर कागद ठेवून ठराव लिहिला. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी दोरी एका हातात घेऊन दुसरा वर केला. एकाने उत्साहात दोन्ही केले, त्याचे बैल परस्पर गेले. त्याला शेवटून दुसरा धरला.

मी बाजूला झाले आणि बसलेल्या बैलाच्या बाजूने जायला पाटलांना हात केला, तो तेव्हा. तोरण ओलांडताना त्यांची जोडी उधळली. पाटील दोरी धरून मागे, घोट्यापर्यंत चिखलात, पागोटं तोरणाखालीच पडलेलं. बाबांनी ते उचलून झटकलं आणि म्हणाले, "तीस वर्सं सांगून राह्यलो, डाव्या बैलाले ढिल देऊ नोका."

सगळे गेल्यावर देवाजींचा बैल आपण होऊन उठला. आम्ही शेवटी गेलो. तोवर बघायला जयवंताबाई आणि कुत्री होती. भाषणाची वरची दोन पानं वाचण्याजोगी राहिली आहेत, ती परत पाठवते.

ठराव महिनाअखेरीच्या आत बेल्याला पोचला. हा माझा खुलासा.

तुमची,
वनमाला


आदिलाबाद,
ता. ९ सप्टेंबर १९९५

चि. वनूस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मतभेद कायम आहे. शेवटी जाण्यापेक्षा तू निदान पाटलानंतर दुसरा नंबर घ्यायला हवा होतास.

पाटलाचं पागोटं पडलं, हे त्या बेल्याच्या माणसाने मला सांगितलं नाही. अशी माणसं बाजारात का फिरतात कळत नाही. मी पाटीवर ते चित्र काढून तुझ्या मामीला दाखवलं. तिने या वेळी पाटी पुसली नाही.

दोन पानं मिळाली. तिसऱ्या पानात गाभा होता.

मोतीराम


चिंचघाट,
ता. ३० सप्टेंबर १९९५

ती. मामांस,
जयभीम.

घाईत लिहिते. सिमेंटची पोती आली. ठेवायला जागा नाही म्हणून शाळेच्या खोलीत ठेवली आहेत, पोरं व्हरांड्यात बसतात. मिस्त्री आला. नाल्याचं पाणी उतरलं. दगड नाहीत.

पाटलांची बंडी पहिल्याच दिवशी आली. नंतर कोणाची नाही. घरोघर गेले. पुन्हा पाट, पुन्हा चहा.

"ठराव झाला ना बाई? हात वर केला ना आमी?"

मामा, पूर्वी मत दिलं की काम संपत होतं. आता हात वर केला की संपतं. एवढाच फरक मी केला.

मंडल इंजिनीअर सांगून गेला: दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत दगड पडले नाहीत तर सोमवारी ट्रक येईल आणि पोती तामसीच्या कामावर जातील. तोरण आता वर्षभर नाही. हलगीही नाही. मी सांगून सांगून थकले आहे, त्यांना माझा आवाज ओळखीचा झाला आहे. ताराबाईची नात रोज शाळेच्या खोलीत डोकावून पोती आहेत ना ते बघून जाते.

तुम्ही लिहा. पण एक पानच. बैलाला उभ्याने ऐकता येईल एवढं. आणि या वेळी तारीख खरी आहे, ती चुकवू नका.

वनमाला


आदिलाबाद,
ता. ४ ऑक्टोबर १९९५

चिंचघाटच्या बंधू-भगिनींनो,

ज्यांना पाच वर्षांतून एकदा शिक्का मारायला बोलावतात आणि मग कोणी काही विचारत नाही, त्या तुम्हा सर्वांना जयभीम आणि रामराम. हे गाऱ्हाणं तुमचं आहे, माझंही आहे. मला वाटत होतं ते फक्त पुढाऱ्यांविरुद्ध आहे.

काल दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर होतो. लाखो माणसं जयभीम म्हणत होती. मला डॉक्टरांची मनाई. मी ओठ हलवत उभा होतो आणि आवाज इतरांचा येत होता. तेव्हा चिंचघाट आठवलं. तिथे सगळे ओठ हलवतात आणि आवाज एकट्या वनमालेचा येतो.

तुम्ही सरपंच निवडला. तुम्हाला वाटलं, आपण बैल विकत घेतला, आता नांगर तोच ओढील आणि पेरणीही तोच करील. अहो, बैलालासुद्धा कोणीतरी जुंपावं लागतं! तुमच्या सरपंचाने कमरेइतक्या पाण्यातून मंजुरी आणली, सिमेंट आणलं. पहिला मान हातात असून ती शेवटी चालत गेली. त्यावरून मी तिच्यावर रागावलो होतो. अजून थोडा आहे. पण एक सांगा, जी सर्वांच्या मागून चालते तिच्या मागे उरतं कोण? म्हणजे दगड तुम्ही टाकला नाही तर टाकणारं आणखी कोणी नाही.

पोळ्याच्या आत रपटा, ही तारीख मी दिली होती. दगड तुम्ही द्यायचे होते. दोन्ही राहिलं. आता माझ्याकडे एकच तारीख आहे आणि ती मी वाक्यासाठी आणलेली नाही. सोमवारी ट्रक येणार आहे.

नंबर तुम्ही पोळ्याला भांडून घेतलेत. तेच नंबर धरा. नरसिंगराव पाटलांची बंडी पोचली आहे, आता दुसऱ्याची पाळी. चंपत, तुझ्या दोन. म्हशीचं नंतर बघू.

मी शनिवारच्या शेवटच्या बसने बेल्याला येतो, तिथून चालत. भाषण होणार नाही. डॉक्टरांनी मला बोलायला मनाई केली आहे, दगड उचलायला नाही.

येत्या रविवारी उजाडल्यावर बैल जुंपा, बंडीभर दगड भरा आणि नाल्यावर आणून टाका.